आज्यांचा समुद्र आणि जांभळे ठिपके

"आधी घोडे!" हारम ओरडला.

"आधी डोंगर!" ग्यूमिनचा आवाज त्याच्याहून वर चढला. "पहाटे उठायचं, ज्वालामुखीच्या काठावर बसून सूर्योदय बघायचा आणि खाली उतरलं की काळं डुक्कर भाजून हाणायचं!"

"का रे, सूर्य तुमच्या गल्लीत उगवत नाही वाटतं?" दानबीनं विचारलं.

"उगवतो की! पण त्याच्याबरोबर डुक्कर मिळत नाही!"

हिवाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती. दानबी आणि तिचा धाकटा भाऊ हारम दरवर्षीप्रमाणे जेजू बेटावर आजीकडे आले होते. यंदा दानबीच्या वर्गातला ग्यूमिनही त्यांच्याबरोबर शेपटासारखा आला होता. खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर पालथं पडून तिघांचे बेत चालले होते आणि संत्र्यांच्या सालींचा ढीग वाढत होता.

तेवढ्यात दार सरकवून पिल्सू मामा आत आला. मामा म्हणजे दानबीचा जीव की प्राण! पोहायला त्यानं शिकवलं, सायकल त्यानं शिकवली, आईपासून लपवायच्या गोष्टीही त्यालाच सांगायच्या.

"डोंगर कुठे पळून जात नाही!" मामा म्हणाला. "आज माझ्या पाहुण्यांबरोबर चला. 'एक दिवसाची हेन्यो'! रबरी सूट माझा, जाळी माझी, भोपळा माझा. आणि प्रत्येकाच्या हाती एक शंख लागणार म्हणजे लागणारच!"

हेन्यो म्हणजे पाठीवर हवेची टाकी न घेता, नुसत्या दमाच्या जोरावर समुद्राच्या तळाशी जाऊन शंख-शिंपले काढणाऱ्या बायका. दानबीची आजी गावातल्या हेन्योंची म्होरकी होती. पाण्यावर आधाराला धरायचा त्यांचा भोपळा पूर्वी खराखुरा असायचा. आता तो नारिंगी फोमचा असतो, पण सगळ्या त्याला भोपळाच म्हणतात.

मामाची हेन्योगिरी मात्र कंबरभर पाण्यातली! काळ्या कातळात एक मोठं डबकं होतं, त्यात पाहुणे उतरायचे. लग्न होऊन फिरायला आलेली जोडपी, राजधानीतले आजोबा, सगळे रबरी सुटात घुसून सीलसारखे दिसत होते. आणि खरंच, प्रत्येकाला शंख मिळाला! हारमला मिळाला तेव्हा तो इतका नाचला की पाण्यात आपटला.

ग्यूमिन मात्र आपल्या शंखाकडे बघत उभा होता.

"दानबी, हे लपत कसे नाहीत गं? उघड्या वाळूवर बसलेत. तेही ओळीनं! शाळेत प्रार्थनेला बसल्यासारखे!"

दिवसाउजेडी शंख कपारीत शिरून बसतात, हे हेन्योच्या नातीला ठाऊक होतं. पण आपली पहिली शिकार कोण नासवेल?

"थंडीनं गारठले असतील," ती म्हणाली. "तू आणि तुझं डोकं! मिळाला ना? मग गप बस!"

इतक्यात किनाऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला आणि तिघं तिकडे पळाली.

किनाऱ्यावर हेन्योंची शेकोटी होती. भोवती दगडी गडग्याचं गोल रिंगण, वर छप्पर नाही आणि मधोमध जाळ. पाण्यातून आल्यावर बायका तिथे कपडे बदलायच्या, शेकायच्या, गप्पा छाटायच्या. पण आज आजीनं एका म्हातारीचा भोपळा उचलला आणि गडग्यावरून बाहेर भिरकावला.

"बाहेर! चोरांना इथे शेक मिळत नाही!"

ती म्हातारी म्हणजे बू सामचुन. बेटावर कुठल्याही मोठ्या माणसाला, बाई असो की बुवा, सामचुनच म्हणतात. बू सामचुन गावातली सगळ्यात वयस्कर हेन्यो होती. जमिनीवर कमरेत वाकून चालायची, पाण्यात मात्र तिला कंबर असल्याचं आठवतही नसे.

भानगड अशी होती. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्टीला 'आज्यांचा समुद्र' म्हणत. ज्यांना खोल बुडी झेपत नाही त्या म्हाताऱ्यांसाठी ती पट्टी राखलेली. तरण्या बायका तिथल्या शंखाला बोट लावत नसत, ना कुणाला लावू देत. पण थंडी सुरू झाल्यापासून ती पट्टी कुणीतरी ओरबाडत होतं. मोठे शंख गेले आणि सोडून द्यायची बारकी पिल्लंसुद्धा गेली! आणि आज सकाळी बू सामचुनच्या घराच्या गडग्यामागे रिकाम्या शंखांचा ढीग सापडला होता.

"ते मी टाकलेले नाहीत," बू सामचुन म्हणाली.

"मग काय खेकड्यांनी मेजवानी केली?" यांग सामचुन फिस्कारली. ही आजीची लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या जिभेला धार लावायला कधी दगड लागला नाही.

सगळ्या बायका खो खो हसल्या.

"उद्या दुपारी सभा आहे," आजी म्हणाली. "तिथे तुझं नाव कायमचं काढणार. मग या समुद्रात पाय नाही ठेवायचा. आणि जी म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास पळवते, तिच्या घरादाराला ही शेकोटी बंद!"

बू सामचुनला ना नवरा उरला होता, ना मूलबाळ. दानबीएवढी असल्यापासून ती या पाण्यात उतरत होती. समुद्र गेला तर तिच्याकडे दुसरं काय राहणार होतं? ते तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, आणि तरीही कुणी ब्र काढला नाही. बू सामचुन बाहेर गेली आणि गडग्याआड, बोचऱ्या वाऱ्यात, ओला सूट सोलून काढू लागली. तिची बोटं निळी पडली होती. सूट मानेत अडकला तरी मदतीला कुणी गेलं नाही.

हारमला तर चेवच आला. त्यानं तिथल्या तिथे गाणं रचलं.

"बू म्हातारी, बू म्हातारी, पिल्लं खाऊन झाली भारी!"

आणि त्यानं खिशातली संत्र्याची साल फेकली. ती नेमकी तिच्या कानावर बसली. बायका पुन्हा हसल्या. दानबीही हसली, खोटं कशाला सांगू? चांगली पोट धरून हसली.

"आपणच हिला मुद्देमालासकट पकडू या!" घरी येताना ती म्हणाली. "आजी किती खूश होईल!"

"पण पकडायचं कसं?" ग्यूमिननं विचारलं. "शंखावर काय नाव लिहिलेलं असतं?"

दानबी थांबली. मग तिनं कोटाच्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. जांभळी, चमचमती!

"नसतं, पण आपण लिहू शकतो ना!"

संध्याकाळी ओहोटी लागली आणि बायका आपापल्या घरी गेल्या, तशी तिघं आज्यांच्या समुद्रात उतरली. तिथे जायला पोरांना सक्त मनाई होती. आजीचे गमबूट हारमच्या मांडीपर्यंत येत होते. कपारीत हात घालघालून शंख शोधायचा, ग्यूमिनच्या मफलरनं कोरडा करायचा, तळाशी जांभळा ठिपका लावायचा, फुंकर मारायची आणि होता तिथे ठेवायचा.

"माझे गाल गेले!" फुंकून फुंकून ग्यूमिन रडकुंडीला आला.

"फुंक! वर्गात उत्तरं सांगताना बरी हवा असते तुझ्या तोंडात!"

"आणि माझा मफलर? आई मला सोलेल!"

"आधी फुंक, मग सोलून घे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं खडकामागे दबा धरून बसली. बू सामचुनच्या जोडीला आता कुणी बुडी मारत नव्हतं. ती एकटीच पाण्यातून रांगत वर आली. तिघं एकदम पुढे उडी मारून उभी राहिली.

"जाळी दाखवा!" दानबी म्हणाली. नमस्कार नाही, सामचुन नाही, काही नाही.

बू सामचुन काही बोलायच्या आत दानबीनं जाळी ओढून घेतली आणि खडकावर उलटी केली. थोडं शेवाळ पडलं, एक तारामासा पडला आणि दोन शंख घरंगळले. दानबीनं ते उलटेसुलटे करून पाहिले. ठिपका नव्हता!

"खरवडला असेल हिनं!" हारम म्हणाला.

"समुद्रात बसून?" ग्यूमिन हळूच म्हणाला.

बू सामचुनचे दात वाजत होते. तिनं शंख उचलायला हात खाली नेला, पण बोटं वळेनात. शंख पुनःपुन्हा निसटत होता.

"झालं बघून?" ती म्हणाली. "मग तेवढं उचलून द्या. माझी बोटं चालत नाहीत."

दानबी हलली नाही. चोराची जाळी भरून द्यायची म्हणजे काय? शेवटी ग्यूमिन खाली वाकला आणि त्यानं शंख, शेवाळ, तारामासासुद्धा गोळा करून जाळीत घातला. त्याचे कान लाल झाले होते. दानबीला त्याचाच राग आला.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस रे?"

"मी ठिपक्याच्या बाजूनं आहे," ग्यूमिन म्हणाला.

चिडलेली दानबी तरातरा मामाच्या डबक्याकडे गेली. मामाजवळ गेलं की तिचा राग पळायचा. डबक्यात नवीन पाहुणे उतरले होते. एका नवरीनं पाण्यातून हात वर काढला आणि ती चित्कारली.

"अय्या! ह्याच्या तळाला जांभळा ठिपका आहे! कित्ती गोड!"

"माझ्या शंखालापण आहे!" तिचा नवरा ओरडला.

मामानं क्षणभरच शंखाकडे पाहिलं. मग टाळी वाजवली. "नशीबवान आहात! असा ठिपका लाखात एखाद्याला असतो. यंदा मुलगी होणार बघा!"

सगळे पाहुणे हसले. दानबीनं मागे पाहिलं. ग्यूमिन तिच्याकडेच बघत होता आणि या वेळी त्यानं एकही विनोद केला नाही.

पाहुणे कपडे बदलायला गेले तेव्हा दानबी मामाजवळ गेली.

"मामा, हे शंख तू कुठून आणतोस?"

"समुद्रातून!" मामानं डोळा मारला. "रात्री आणून ठेवतो, सकाळी पाहुणे पकडतात. ते खूश, मी खूश!"

"पण ते आज्यांच्या समुद्रातले आहेत!"

"मग खोल पाण्यात कोण मरायला जाईल? हाताशी असलेलं घेतलं." त्याला जराही लाज वाटत नव्हती.

"आणि बू सामचुनच्या घरामागचा ढीग?"

"पाहुण्यांनी भाजून खाल्लेले. तिथला खड्डा सोयीचा होता, दिले फेकून. या बायका एवढं मनावर घेतील हे मला काय माहीत!" मग त्यानं आवाज उतरवला. "हे बघ दानबी, तुझी आजी म्होरकी आहे. ही गोष्ट फुटली तर नाक कुणाचं कापलं जाईल? आणि म्हातारी आज ना उद्या पाणी सोडणारच होती. गप राहा. परवा तुला घोड्यावरून रपेट करवतो, खाडीपर्यंत!"

त्यानं नेहमीसारखे तिचे केस विस्कटले. आज तिला ते नकोसं झालं.

तिघं गडग्याच्या आडोशाला बसली.

"मामाला पोलीस नेतील?" हारमनं विचारलं आणि त्याचं नाक वाहायला लागलं.

"आपल्याला चोर पकडायचा होता," ग्यूमिन म्हणाला. "पकडला. आता चोर घरचा निघाला म्हणून सोडायचा का?"

"तुझा मामा असता म्हणजे कळलं असतं!"

"कळलं असतं. पण म्हणून बू सामचुननं शंख खाल्ले असते का?"

गप्प बसणं किती सोपं होतं! दुपारी सभा होईल, म्हातारीचं नाव जाईल, परवा घोडा मिळेल. पण शंखांमागे जाणारी ती निळी बोटं दानबीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपण साधा शंखही उचलून दिला नाही! तिला स्वतःची किळस आली. ती उठली, डोळे पुसले आणि हसरा चेहरा करून पुन्हा मामाकडे गेली.

"मामा, घोडा नक्की ना? मग एक गंमत सांगते. दुपारच्या सभेला गावप्रमुखही येणार आहेत. तू बादलीभर शंख घेऊन ये आणि सगळ्यांना भाजून घाल. तुझ्या धंद्याची केवढी जाहिरात होईल!"

"माझी गुणाची भाची!" मामा म्हणाला. त्याला एकदाही शंका आली नाही. शंका येण्याइतकं त्यानं तिला कधी परकं मानलंच नव्हतं.

दुपारी रिंगण गच्च भरलं. हेन्यो शेकोटीभोवती बसल्या होत्या, गावप्रमुख कांग मफलर गुंडाळून उभे होते आणि बू सामचुन गडग्याबाहेर वाऱ्यात ताटकळत होती. मामा बादली घेऊन रुबाबात आला.

"मामा," दानबी मोठ्यानं म्हणाली, "हे शंख बाजारातले ना?"

"अर्थात! सकाळीच आणलेत. एकदम ताजे!"

"आज्यांच्या समुद्रातला एकही नाही?"

"आईच्या गळ्याची शपथ!" मामानं आजीकडे बोट दाखवलं.

"मग सगळ्यांनी एकेक शंख उलटा करून बघा!"

बायकांनी शंख उलटे केले. जांभळा ठिपका! हिच्याकडे जांभळा, तिच्याकडे जांभळा! दानबीनं नेलपॉलिशची बाटली आजीपुढे ठेवली.

"हे ठिपके आम्ही काल संध्याकाळी आज्यांच्या समुद्रात लावले. बू सामचुनना पकडायला. त्यांच्या जाळीत एकही नव्हता!"

"पोरं थापा मारतात!" मामा किंचाळला. "ह्यांनीच माझ्या डबक्यात रंगवले असतील!"

आजी उठली, बाहेर पडली आणि आहे त्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली. आज्यांच्या समुद्रातल्या एका कपारीत तिनं खांद्यापर्यंत हात घातला. परत आली तेव्हा ती गळ्यापर्यंत भिजली होती आणि तिच्या तळहातावर एक बारका शंख होता. तळाशी जांभळा ठिपका!

मग जे झालं ते फार भराभर झालं. बायकांनी विळे काढले आणि मामाचे रबरी सूट टराटरा फाडले. 'एक दिवसाची हेन्यो' लिहिलेली त्याची पाटी शेकोटीत गेली. मामा भिजलेल्या मांजरासारखा उभा होता. जाता जाता त्यानं दानबीकडे पाहिलं.

"तू पण?" एवढंच तो म्हणाला. दानबीला वाटलं, त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

बू सामचुनला आत आणलं गेलं. बायकांनी सरकून तिला जागा दिली. माफी मात्र कुणी मागितली नाही, सगळ्या जाळाकडे बघत होत्या.

"घरादाराला शेकोटी बंद, असं काल ठरलंय," यांग सामचुन म्हणाली. कालपर्यंत ती आजीच्या खांद्याला खांदा लावून बसत होती. आता ती आजीकडे वळली. "को सामचुन, तुझ्याच तोंडचे शब्द आहेत."

"मला आठवतात," आजी म्हणाली. तिनं आपला भोपळा उचलला, कोरडे कपडे काखेत घेतले आणि ती गडग्याबाहेर गेली.

"बू सामचुन, तिनं कधीपर्यंत बाहेर राहायचं ते तुम्ही सांगा," गावप्रमुख म्हणाले.

बू सामचुननं हात शेकले. तिला मुळीच घाई नव्हती.

"मी जेवढी उभी राहिले तेवढंच तिनंही राहावं, असं काही मी म्हणणार नाही."

दानबीचा जीव भांड्यात पडला.

"मोहरी फुलेपर्यंत राहू दे," बू सामचुन म्हणाली.

म्हणजे अख्खा हिवाळा! दानबी तिच्या पायाशी जाऊन बसली. "सामचुन, आजीला थंडी बाधते हो! तिचे गुडघे दुखतात!"

"माझेही दुखतात," बू सामचुन म्हणाली आणि तिनं जाळात आणखी एक लाकूड सारलं.

गावप्रमुखांनी घसा खाकरला. "ते असो! पण या पोरांनी गावाची अब्रू राखली. घरच्या माणसाचीही भीड धरली नाही. शाबास! अशी पोरं हवीत!"

टाळ्या पडल्या. हारमला आणि ग्यूमिनला राळ्याचे लाडू मिळाले. यांग सामचुननं दानबीचा दंड धरून तिला शेकोटीच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे वारा पाठीमागून येतो, त्यामुळे डोळ्यांत धूर जात नाही. रिंगणातली ती सगळ्यात मानाची जागा.

"बस इथे! आज हा मान तुझा!"

ती आजीची जागा होती.

दानबी हात सोडवून बाहेर पळाली. गडग्याआड आजी ओले कपडे पिळत होती. तिचे ओठ काळेनिळे पडले होते.

"आजी, मी काय करू? मी बोलायलाच नको होतं का?"

"बोललीस ते बरोबर केलंस," आजी म्हणाली. दात वाजत असल्यामुळे तिला शब्द तोडून तोडून बोलावे लागत होते. "शाबास. आता आत जाऊन बस."

"मी तुझ्या जागी नाही बसणार!"

"मोठ्यांनी मान दिला की घ्यायचा असतो. आणि तू इथून गेलीस तर मला कपडे बदलता येतील." तिनं दानबीकडे पाहिलं नाही. पाठ फिरवून ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

दानबी आत गेली आणि यांग सामचुननं दाखवलेल्या जागी बसली. कुणी तिच्या पाठीवर थाप मारली, कुणी हातात लाडू ठेवला. "को घराण्याचं नाव काढलंस हो!" एक सामचुन म्हणाली. सगळ्या कौतुकानं बघत होत्या, म्हणून दानबीनं लाडू तोंडात घातला आणि रडत रडत तो चावत राहिली.